न पडलेलं मत

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी बेटाच्या कारभाऱ्याचं, खतीबाचं, बोलावणं आलं, तेव्हा अथीका किनाऱ्यावरच्या चिखलात पुरलेली नारळाची सोडणं उकरत होती. काथ्या वळून ती घर चालवायची. हात धुतले न धुतले आणि ती निघाली. तिला भीती वाटत नव्हती, उलट जिवाला जरा थारा मिळाल्यासारखं झालं होतं. काल शाळेत तिने सांगितल्याबरहुकूम केलं होतं. वरच्या चौकोनात, 'हो'च्या चौकोनात, खूण केली होती. ती करताना नवऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं होतं. पण वजीहचा पाय वाचणार असेल तर अशी शंभरदा थुंकायची तिची तयारी होती.

वजीह केंदिफुशी बेटावरच्या शाळेतला मास्तर. आठ महिन्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षासाठी मतदान जाहीर झालं, उमेदवार एकच, त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. त्या दिवशी त्याने फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'निवडायला एकच माणूस असेल तर त्याला निवडणूक का म्हणायचं?' मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी नेऊन दाखवलं. पंधरा दिवसांत मास्तरांना चार वर्षांची हद्दपारी झाली, हुरुवालू बेटावर, दक्षिणेला दोन दिवसांच्या वाटेवर. आमच्याकडे तुरुंगापेक्षा ही शिक्षा स्वस्त पडते. समुद्र फुकटचा पहारेकरी आहे, त्याला पगार द्यावा लागत नाही.

वजीहला मधुमेह. तिथे त्याच्या तळव्याला शिंपला लागला आणि जखम चिघळली. गेल्या आठवड्यात एका धोणीवाल्या नावाड्याने निरोप आणला, दोन बोटं काळी पडलीत, खोलीत वास येतो. राजधानीत, मालेच्या इस्पितळात न्यायचं तर परवानगी हवी, आणि परवानगीला त्याच्या मूळ बेटाच्या खतीबाची शिफारस हवी. खतीब लतीफ म्हणजे बेटावरचं सरकार. त्याने पत्र लिहून, शिक्का मारून तयार ठेवलं होतं. "मत तेवढं नीट पडू दे," तो म्हणाला होता. "सगळ्यांचं. मग दुसऱ्या दिवशीच्या धोणीने पत्र गेलंच म्हणून समज."

आता तो टेबलाशी बसून सुपारी कातरत होता. अथीकाला त्याने बस म्हटलं नाही.

"दोनशे चौदा मतं," तो म्हणाला. "त्यातली दोनशे तेरा 'हो'. उरलेलं एक कुणाचं, ते तू सांगतेस की मी सांगू?"

"बेबे, माझं नाही." ती त्याला लहानपणापासून बेबे, थोरला भाऊ, म्हणत आली होती. "कुराणावर हात ठेवते. मी 'हो'वर खूण केली."

"मग काय माझ्या बायकोने 'नाही' केलं?"

"मला काय ठाऊक? पण मी का करीन? पत्र तुमच्या खणात असताना मी का करीन, बेबे? मला वेड लागलंय का?"

"मास्तरीणबाई तू. तत्त्वं असतात तुम्हा लोकांना." त्याने सुपारी तोंडात टाकली. "मागच्या खेपेला दोन 'नाही' निघाले, तर जुन्या खतीबाला घरी बसवलं. मला चार पोरी आहेत. मी काल वायरलेसवर सांगून टाकलं, केंदिफुशी, दोनशे चौदापैकी दोनशे चौदा. म्हणजे तुलाही वाचवलं. उपकार मान आणि घरी जा."

"आणि पत्र?"

"पत्र विसर."

ती त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि दाराकडे बोट दाखवलं.

परतीच्या वाटेवर अथीकाने एकेका घराची डोळ्यांनी झडती घेतली. झाडलोट करणाऱ्या बायका, अंगणात मासे वाळवणारे म्हातारे, चहाच्या दुकानातले रिकामटेकडे. यांच्यातल्याच कुणीतरी पडद्याआड मर्दुमकी गाजवली होती आणि आता तो साळसूदपणे चहा पीत होता. एरवी अशा माणसाला वजीहने मिठी मारली असती. अथीकाला मात्र तो हवा होता तो झिंज्या धरून खतीबाच्या दारात फरफटत न्यायला. आपण कुणाचा राग करतोय हे तिला कळत होतं, आणि तरी तो राग आवरत नव्हता.

घरी आली तर सासू अंगणातल्या जाळीच्या बाकावर बसलेली. दोन्तुत्तू, वय पंच्याहत्तर, एकेकाळची बेटावरची सुईण. तिने ठेवणीतला झगा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. पायाशी एक गाठोडं होतं.

"आले का गं न्यायला?" तिने विचारलं.

"कोण न्यायला?"

"तेच, लतीफची माणसं. सकाळपासून तयार होऊन बसलेय. धोणी असरच्या बांगेला सुटते ना? वजीहसाठी रिहाकुरूची बरणी घेतलीय. तिकडच्यांना माशाचा रस आटवता येत नाही, पाणचट करतात."

अथीका म्हातारीच्या समोर वाळूत बसली. "अम्मा, तुम्ही काल कुठे खूण केलीत?"

"खाली. 'नाही'वर." म्हातारी हळूच हसली. "तो 'नाही' म्हणाला तर त्याला हुरुवालूला पाठवलं. मग मीपण 'नाही' म्हटलं. मला काय वेगळ्या बेटावर पाठवतील? मरण्याआधी पोराच्या हातचं पाणी मिळेल. तुला नाही सांगितलं, तू अडवलं असतंस."

अथीकाने तिचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. "मारलंत तुम्ही त्याला! पोटच्या पोराला मारलंत! त्याचा पाय सडतोय, बोटं काळी पडलीत, आज पत्र जाणार होतं, आज!"

म्हातारीचं तोंड उघडं राहिलं. पायाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जिवाला लावून घेईल म्हणून अथीकानेच लपवलं होतं, आणि सुनेने लपवलं नसतं तर या बाईने 'हो'वर दहा खुणा केल्या असत्या. हे दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं. अथीकाने हात काढून घेतले.

मग दोन्तुत्तू उठली. "चल," ती म्हणाली. "त्या लतीफची नाळ मी कापलीय. बघते कसा ऐकत नाही."

खतीब नमाजाला निघायच्या तयारीत होता. म्हातारी सरळ आत घुसली.

"लतीफ, ते 'नाही' माझं. या पोरीचं नाही. लिही माझं नाव, मार शिक्का, आणि मला माझ्या पोराकडे पाठव. आणि तिचं पत्र धाड."

खतीबाने आधी तिच्याकडे आणि मग अथीकाकडे पाहिलं. त्याला ते पटलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याचे कान लाल झाले. पण आकडा आदल्या दिवशीच मालेला पोचला होता.

"कुठलं 'नाही', अम्मा?" तो सावकाश म्हणाला. "आपल्या बेटावर एकही 'नाही' पडलं नाही. तुम्हाला आता नीट दिसत नाही. तुमची खूण वरच पडली असेल."

"मला दिसत नाही? तू पायाळू आलास तेव्हा दिव्याशिवाय ओढून काढलाय तुला!"

"एकही पडलं नाही, अम्मा. मग शिक्षा कशाची देऊ?"

"एकही पडलं नाही ना?" अथीका म्हणाली. "मग बेबे, पत्र कशासाठी अडवलंत?"

खतीबाने खणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आता ते पत्र पाठवायचं म्हणजे ते अडवणं ही शिक्षा होती हे कबूल करायचं, आणि शिक्षा कबूल केली की ते मत कबूल करावं लागणार. "बांग झालीय," एवढंच तो बोलला.

"मग काय केलं म्हणजे पाठवतोस ते तरी सांग," म्हातारी त्याच्या पाठीमागून म्हणाली. "चोरी करू? कुणाच्या घराला आग लावू? सांग ना रे."

तो थांबला नाही. मशिदीकडे जाणारे लोक रस्त्यात घुटमळले होते. खालमानेने, पण कान देऊन. धक्क्यावर धोणीवाला दोर सोडत होता. अथीका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मी काल 'हो' म्हटलं!" ती ओरडली. "ऐकताय ना सगळे? माझा नवरा तिकडे सडतोय, आणि मी त्यांना 'हो' म्हटलं! या हाताने!"

लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. तिने समोर येईल त्याची बाही धरली. एकाची, मग दुसऱ्याची.

"आज विचारा," ती म्हणत होती. "आज पुन्हा विचारा मला. कुणीतरी विचारा ना."