सरांकडे उरलेला शब्द

त्रिशला मगदूम सांगलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. पीएच.डी. झाल्याशिवाय कायमच्या नेमणुकीची आशा नव्हती आणि पीएच.डी. चिंतामण सरांपाशी अडकून पडली होती. साताऱ्यात राहणारे सर निवृत्त झाले होते. त्रिशला ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

सांगली भागातल्या जैन बायकांच्या व्रतकथा हा तिचा विषय. आई, आत्या, भावकीतल्या म्हाताऱ्या, ज्यांना म्हणून कथा येत होत्या त्यांच्याजवळ बसून तिने त्या उतरवून घेतल्या होत्या. प्रकरण लिहून झालं की रविवारच्या एसटीने ती साताऱ्याला जायची. सर सावकाश वाचायचे, चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "चांगलं टिपण आहे."

पुढे कधीतरी म्हणाले, "आता निबंध झालाय." त्यानंतरच्या खेपेला, "ही टीका झाली. कथेच्या शब्दाला धरून चाललीस. भाष्य करायचं तर शब्दाच्या पलीकडे बघावं लागतं."

"आणि प्रबंध कधी होणार, सर?" न राहवून तिने एकदा विचारलं.

"प्रबंध म्हणजे घट्ट बांधलेलं. मधला एक दगड काढला तर अख्खी भिंत हलली पाहिजे. तुझं तिसरं प्रकरण काढून टाकलं तर काय बिघडतं, सांग बरं."

परतताना कराड येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. सर खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

घरी वडील, मदनआण्णा, हळदीच्या रानातून नुकतेच आले होते. तिचा चेहरा बघून पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "आजून न्हाई झालं व्हय गं?"

"न्हाई, आण्णा."

"काय म्हणत्यात सर?"

"निबंध म्हणत्यात."

"मग ते वंगाळ असतंय का?"

"वंगाळ नसतंय. कमी असतंय."

आण्णांनी मान हलवली आणि पाय पुसून ते आत गेले.

त्या उन्हाळ्यात त्रिशलाने तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. उपास धरणारी बाई कथेत कुणापुढे बोलते आणि कुणापुढे गप्प राहते, हे एवढं एकच तिने धरलं आणि त्यातून बाकीची प्रकरणंही बदलत गेली. लिहिताना पहिल्यांदाच तिला वाटलं, की आता यातलं काही काढता येणार नाही. तिने ते सरांकडे पाठवलं आणि फोनची वाट पाहत राहिली.

फोन आला तो चारुशीलाकाकूंचा, सरांच्या पत्नीचा. "यांना झटका आलाय गं. उजवी बाजू गेली. वाचाही गेली."

त्रिशला गेली तेव्हा सर खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांनी तिला ओळखलं. काकूंनी चहा आणला, तशी कपाकडे बोट करून ते स्पष्ट म्हणाले, "प्रबंध."

मग खिडकीकडे बघून म्हणाले, "प्रबंध." काकूंकडे बघूनही तेच.

"सगळ्याला तेच म्हणतात," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो. निदान माझं नाव तरी राहायचं."

त्रिशलाने जरा वेळाने हळूच विचारलं, "काकू, मी पाठवलेलं त्यांनी वाचलं होतं का?"

"टेबलावर होतं खरं. किती वाचलं, कसं सांगू?"

काकूंनी ते कागद आणून सरांच्या मांडीवर ठेवले. सरांनी त्यावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, "प्रबंध." इतकी वर्षं तिने याच शब्दाची वाट पाहिली होती. मग सरांनी चष्म्याचं घर उचललं आणि त्यालाही प्रबंध म्हणाले.

बोलायला शिकवण्यासाठी सई नावाची मुलगी घरी यायला लागली. तिने बजावलं, "तो शब्द आला की मान्य करायचा नाही. दर वेळी बरोबर शब्द सांगायचा." तेव्हापासून त्रिशलाचे रविवार त्यात जाऊ लागले.

"हे काय, सर?"

"प्रबंध."

"नाही, सर. हे पाणी. पा-णी."

ते बापुडवाणे तिच्याकडे बघायचे. आपण सरांच्या तोंडचा नेमका तोच शब्द काढून घेतोय, हे तिला कळत होतं. पण काकू समोर असायच्या. दिवाळी झाल्यावर एके दिवशी सर "पाणी" म्हणाले आणि काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. पुढे "पाणी" पक्कं झालं, "चारू" कधीमधी यायचं. "प्रबंध" मात्र पुन्हा आला नाही.

नोंदणीची मुदत संपत आली होती. विद्यापीठाने दुसरे मार्गदर्शक दिले. त्यांनी अनुक्रमणिका चाळली आणि सही केली. तोंडी परीक्षेत एका परीक्षकाने संदर्भसूचीचं कौतुक केलं. तिसऱ्या प्रकरणाबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नाही. पदवी मिळाली. आण्णांनी गावात पेढे वाटले. नेमणुकीची जाहिरात काही निघाली नाही.

बांधून घेतलेली प्रत घेऊन ती साताऱ्याला गेली. सरांनी ती मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने पानं उलटत गेले. त्यांना वाचता येतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या प्रकरणाशी ते थांबले. बराच वेळ पान उलटलं नाही. मग त्यांनी मान वर केली. ओठ हलले, कपाळावर शीर उठली.

"पाणी," ते म्हणाले.

त्रिशला लगबगीने उठली, पेला भरून आणला, त्यांच्या ओठांना लावला. सरांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. "पाणी," ते पुन्हा म्हणाले, आता रागाने, आणि उघड्या पानावर त्यांनी हात आपटला. पेला कलंडला.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "पाणी नको असणार त्यांना."

"मग काय म्हणायचंय?"

"ते त्यांनाच माहीत."

त्रिशला खुर्चीपाशी खाली बसली. "सर, जमलंय का? नुसती मान हलवा." सर तिच्याकडे बघत राहिले. मान हलली नाही. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी ओघळलं.

तिने ओढणीने पान टिपलं, प्रत मिटली. निघताना तिने विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ ना, काकू?"

"ये की, बाई," काकू म्हणाल्या. "पण ते पुस्तक बरोबर आणू नकोस."