भिंतीलगतचं कोनोकार्पस

"आपल्या मधल्या भिंतीलगत कोनोकार्पस लावू नकोस गं, त्याची मुळं पाणी हुंगत फिरतात," शेजारच्या बदरिया खालांनी बजावलं होतं.

"खाला, झाड आहे ते, मांजर नव्हे," म्हणत मी हसण्यावारी नेलं. इराकमधल्या आमच्या बसऱ्यात अंगण बाहेरून दिसू नये म्हणून सगळेच ते लावतात. मी दर आठवड्याला कापून त्याला वडीसारखा चौकोनी आकार द्यायचे. कापावं तितकं ते दाट व्हायचं.

यंदा मुळं भिंतीखालून खालांच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत शिरली. टाकी फुटली, माती भिजली आणि भिंत त्यांच्या निजायच्या खोलीवर झुकली. गवंडी म्हणाला, "झाड उपटलंत तर भिंत आत्ताच खाली येईल."

"खाला, निदान खाट तरी हलवा," मी विनवलं.

"आधी तुझं झाड हलव, मग मी हलते!"

तेवढ्यात मी माहेरी येऊन बाळंत झाले. आमच्यात बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही, म्हणून इथे अमारा शहरात आईकडे अडकले आहे. नवरा घरून तेलविहिरीवर कामाला परतताना फोनवर म्हणाला, "झाड अजून छान चौकोनी दिसतंय!" झाडामागची भिंत त्याने पाहिलीच नाही.

कालपासून खाला फोन उचलत नाहीत. बाळाला पाजताना मी नुसती रिंग ऐकत बसते.

तुम्ही बसऱ्यात असाल, तर आमच्या झाडापलीकडचं निळं दार वाजवा. खाला शिव्या घालतील, घालू देत. फक्त त्या बोलल्या, एवढं मला कळवा.