संकल्पातला टुंड्रा

काशीच्या रामघाटावर राहणारे शिवरामशास्त्री रागावले की बोलणं टाकत. मुलावर, शरदवर, ते वर्षभर रागावले होते. सीताबाई गेल्या तेव्हा हा एकुलता एक मुलगा रशियात दगड तपासत होता. अग्नी पुतण्याने दिला. त्यानंतर शरदची सात पत्रं आली. शास्त्रींनी ती वाचली सगळी, उत्तर एकालाही दिलं नाही.

आठवं आलं. ‘नाना, आईच्या वर्षश्राद्धाला सुटी मिळत नाही. इथेच करतो. संकल्पात जागा कुठली म्हणू? इथल्या जमिनीला टुंड्रा म्हणतात.’

आता आली का पंचाईत! कर्माआधी आपण कुठे बसलोय ते संकल्पात सांगावं लागतं. जागा चुकली तर श्राद्ध पोचत नाही, असं शास्त्रींचं ठाम मत. मुलाशी अबोला चालेल, पण सीताबाईंना उपाशी ठेवणं त्यांच्याने होणार नव्हतं.

त्यांनी भूगोलाच्या दिनानाथमास्तरांना गाठलं.

“टुंड्रा म्हणजे बर्फच ना?”

“नुसत्या बर्फाला टुंड्रा म्हणत नाहीत, शास्त्रीजी. ती जमीन असते. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो, खाली बारमाही गोठलेलं. झाडाला मूळ धरता येत नाही. शेवाळ उगवतं.”

“झाड तर आमच्या गल्लीतही नाही. तरी संकल्पात रोज काशीला ‘आनंदवने’ म्हणतो.”

“झाड नसून भागत नाही. आतून गोठलेलं हवं.”

शास्त्री तडक निघाले. घरी येऊन त्यांनी पत्र लिहिलं: ‘टुंड्राप्रदेशे, निर्वृक्षे, हिमभूमौ.’ खाली मराठीत: ‘कानटोपी घालूनच बस. आईला चालेल.’

तिथीच्या सकाळी ते नेहमीसारखे दशाश्वमेध घाटावर बसले. समोर साताऱ्याचे यजमान, ओंजळीत पाणी घेऊन प्रत्येक शब्द मागून म्हणणारे. चाळीस वर्षांत शास्त्रींची जीभ कधी घसरली नव्हती.

“टुंड्राप्रदेशे,” शास्त्री म्हणाले.

“टुंड्राप्रदेशे,” यजमान भक्तिभावाने म्हणाले.

“निर्वृक्षे, हिमभूमौ.”

“निर्वृक्षे, हिमभूमौ.”

शेजारच्या छत्रीखालचे वासुदेवभट चमकले. “नाना, अहो, हा कुठला घाट?”

शास्त्रींचे डोळे भरून आले.

“आमच्या शरदचा,” ते म्हणाले, आणि त्यांनी यजमानांच्या हातावर पुन्हा पाणी घातलं.