मधली माती

पाणी

शहर का उभं राहिलं? थोरलीचं उत्तर ठरलेलं होतं: पाण्यामुळे. कालवा खणायचा तर माणसं एकत्र यायला हवीत, एकत्र आली की कोणीतरी हुकूम सोडणार, कोणीतरी पाणी वाटून देणार, आणि वाटणारा आला की राज्य आलंच. एवढ्या एका वाक्यासाठी तिने त्या गाडल्या गेलेल्या शहराच्या टेकाडाच्या टोकाला खड्डा खणला होता आणि दोन्ही गुडघे कायमचे दुखवून घेतले होते.

कालवा सापडलाही. मग धाकटी आली.

भीती

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. पुरातत्त्वच शिकली, ताईने घेतला तोच विषय. ताईच्याच टेकाडावर नेमणूक मिळवली, ताईच्या खड्ड्याला अगदी लागून आपला खड्डा आखला, आणि पहिल्याच हंगामात तिला भिंत सापडली. दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद.

"माणसं एकत्र आली ती शेजाऱ्यांच्या भीतीने," धाकटी भेटेल त्याला सांगू लागली. "आधी भिंत, मग भिंतीआड राज्य. कालवाबिलवा ही नंतरची चैन."

चैन! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात आईचा फोन. "अगं, धाकटीचा फोटो आलाय पेपरात. भिंतीवर उभी आहे. काय गोड दिसतेय! तुझा का नाही गं आला?"

"कालव्यात उभं राहिलं की नुसतं डोकं दिसतं, आई."

धान्य

हे उत्खननाचे प्रमुख असलेल्या सरांचं मत. धान्याचा साठा झाला, साठ्यावर पहारेकरी आला, वगैरे. सर या हंगामानंतर निवृत्त होणार होते, त्यामुळे हल्ली ते आपलं मत कोणाच्या गळी उतरवायला जात नसत.

सातवा, नववा

जाताना सर टेकाड दोघींपैकी एकीच्या हवाली करणार होते. कोणाच्या, ते उद्या येणारी समिती पाहून ठरवणार होती, आणि समितीला एकच गोष्ट हवी होती: कालवा आधीचा की भिंत?

यावर दोघी हंगामभर भांडल्या होत्या. खणताना मातीचे थर वरून खाली मोजतात. "कालवा माझ्या सातव्या थरात आहे," थोरली म्हणायची. "भिंत माझ्या नवव्यात," धाकटी म्हणायची, "म्हणजे जास्त खोल, म्हणजे जास्त जुनी." पण एकीचा सातवा म्हणजे दुसरीचा कितवा? हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचं तर दुसरीची रेखाटनं मागावी लागली असती. एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या बहिणी एकमेकींची चाहूल लागताच रेखाटनांवर कापड ओढत.

दोन खड्ड्यांच्या मधे, रीतीप्रमाणे, न खणता राखलेली मातीची जाड पट्टी होती. दोघींचे थर जोडणारी तेवढीच एक जागा. सकाळी सरांनी फर्मान काढलं, "कापा ती मधली माती. आणि मिटवा एकदाचं."

गाळ

कापली. थोरली कापलेल्या बाजूवर पाणी शिंपडत गेली. माती ओली झाली की थरांचे रंग उमटतात. दुपारपर्यंत सगळ्यांना दिसलं. कालव्यातून उपसलेल्या गाळाचा निळसर थर मधल्या मातीतून सरळ पलीकडे जात होता आणि धाकटीच्या भिंतीच्या पायाखाली शिरत होता. भिंत गाळावर उभी होती. कालवा आधीचा.

"झालं तर मग," सर म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले.

धाकटी टोपी उचलून निघाली आणि एकदाच मागे वळून तिने पाहिलं. ती नजर थोरलीच्या ओळखीची होती. लहानपणी थोरलीला नवे बूट आले की धाकटी अशीच बघायची, आणि रडून रडून दुसऱ्या दिवशी बूट आणायची. एक बक्कल जास्त असलेले.

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जेवायला न जाता हाताला चाळा म्हणून ती गाळाच्या खालची माती थापीने साफ करत बसली.

(मथळा अजून सुचलेला नाही)

खाली बोळ निघाला. बोळाच्या अलीकडे एक घर, पलीकडे एक घर, समोरासमोर. अलीकडच्यांनी जोतं उंच केलेलं. विटांच्या उडालेल्या कपच्या बोळात सांडलेल्या. त्या कपच्यांवर पलीकडच्यांच्या कपच्या, कारण त्यांनीही जोतं वाढवलेलं, थोडं जास्त. त्यावर पुन्हा अलीकडच्यांच्या. त्यावर पुन्हा पलीकडच्यांच्या. पुराची खूण नाही, जळकी माती नाही, बाणाचं एक टोक नाही. शेवटी अलीकडच्यांनी आपल्या दारावरून कालवा नेला, तर पलीकडच्यांनी भिंत घातली.

पाणी नव्हे. भीती नव्हे. सरांचं धान्यही नव्हे.

दुसऱ्या कोणाला हे वाचायला आठवडा लागला असता. थोरलीने पाहताक्षणी ओळखलं, आणि तिचे कान गरम झाले.

ताडपत्री हाताशीच होती. गाळापर्यंत ओढून घेतली की समितीला कालवा दिसणार, वर भिंत दिसणार, आणि टेकाड तिचं. तिने ताडपत्री उचललीसुद्धा.

पण पलीकडचं जोतं शेवटी किती वर गेलं होतं? त्याचा वरचा भाग धाकटीच्या खड्ड्यात होता, माप धाकटीच्या रेखाटनात. ते कळल्याशिवाय थोरलीला चैन पडणं शक्य नव्हतं.

"ए!" तिने तंबूकडे तोंड करून हाक मारली. "तुझी रेखाटनं घेऊन ये!"

"कशाला? उरलंसुरलं नाक कापायला?"

"ये तर."

धाकटी तोंडात घास घेऊनच आली. वाकली. खालून वर एकेक थर बघत गेली आणि तिचं चावणं थांबलं.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "उद्या हे दाखवलंस तर तुझा कालवा गेला."

"तुझी भिंतही गेली."

"आणि टेकाड?"

"ते समितीला विचार. मला आत्ता माप हवंय."

धाकटीने ताईकडे नीट निरखून पाहिलं. मग रेखाटनावरचं कापड काढलं, कागद मातीला लावला, मोजपट्टी धरली. तिने ओठ मुडपले, पण हसू सुटलंच.

"पलीकडचं जोतं तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे."

"थांब," थोरली दुखऱ्या गुडघ्यांवर बसत म्हणाली आणि थापी जोत्याच्या तळाशी घातली. "माझं अजून खाली संपलेलं नाही."