काचेवर राहिलेला कागद

मी एक जुना प्रिंटर आहे. छापणं, नक्कल काढणं आणि स्कॅन करणं ही तिन्ही कामं मी एकट्याने करत असे. माझ्या पाठीवर आता ओरखडे आहेत, एक पाय निखळला आहे आणि पोटात शाईचा थेंब नाही. मित्रांनो, ज्या ढिगावर बसून मी हे सांगतो आहे तिथून थोड्या अंतरावर एक यंत्र आहे. त्याच्यात जे जातं ते बोटभर तुकडे होऊन बाहेर पडतं. सकाळपासून माझ्यापुढचे दोन पंखे आणि एक भाताचा कुकर गेला. तेव्हा मी पाल्हाळ लावणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पोटाखाली लिहिलं आहे, पण मला खाली वाकून वाचता येत नाही. दहा वर्षांपूर्वी सेरंगूनच्या मोठ्या मॉलमधून अभयने मला विकत घेतलं आणि मांडीवर ठेवून एमआरटीच्या मेट्रोने जुरोंग ईस्टला घरी आणलं. अभय मूळचा पुण्याचा, बुओना व्हिस्टाच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको नीता आणि लेक इरा. माझ्या येण्याआधीच त्यांनी इथलं, या चिमुकल्या बेट-देशाचं, नागरिकत्व घेतलं होतं आणि नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता.

काय ते दिवस होते! गणपतीच्या आरत्यांच्या चारशे पुस्तिका मी एका दुपारी छापल्या. शेवटी कागद इतके तापून बाहेर येत होते की नीताने त्यांच्यावर पापड भाजून घेतले. नक्कल काढण्यात तर माझा हात धरणारा कोणी नव्हता. इराने एकदा काचेवर आपट्याचं पान ठेवलं. मी काढलेली नक्कल खिडकीत वाळत ठेवली होती, ती एका अळीने कडेने कुरतडून खाल्ली. विश्वास बसत नसेल तर त्या अळीला विचारा. ‘मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, कळत नाही बुवा,’ असं घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा आणि मी फुगायचो. याच फुशारकीने पुढे घात केला.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. नवमीची संध्याकाळ होती. नीता आणि इरा भोंडल्याला सेरंगूनला गेल्या होत्या. अभय लवकर घरी आला. हातात लॅपटॉपची बॅग नव्हती, फक्त एक पाकीट होतं. कंपनीने त्याची जागाच रद्द केली होती. लॅपटॉप तासाभरात काढून घेतला, मेल बंद केला, पत्र तेवढं हातात दिलं. ते देणारी बाई म्हणाली होती की हवं तर तुम्ही स्वतःच राजीनामा द्या, दिसायला बरं दिसतं.

त्याने मित्राला, प्रबोधला, बोलावून घेतलं. प्रबोध येण्याआधी त्याने ते पत्र माझ्या काचेवर ठेवलं आणि एक प्रत काढली. हे त्याच्या वडिलांचं वळण होतं. मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही, पुढे करायची ती झेरॉक्स. जन्मदाखल्यापासून लग्नाच्या नोंदीपर्यंत त्या घरातला प्रत्येक कागद असाच फिरला होता. मीही जीव ओतला. कंपनीची हिरवी खूण, सहीची निळी शाई, घडीची रेघसुद्धा उतरवली.

प्रबोध महाराष्ट्र मंडळाचा जुना कार्यकर्ता. प्रत वाचून त्याने चष्मा काढला. मग अभयला समजावलं की उद्या दसऱ्याला सगळं मंडळ जमणार, सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण नोकरीचं विचारणार. 

‘काढलं म्हणून कशाला सांगतोस? सोडली म्हण,’ प्रबोध म्हणाला. ‘लाथ मारली म्हण. आपली माणसं पडलेल्याला हात देतात रे, पण आधी चार जणांना सांगून येतात.’

अभय हसला नाही. प्रबोध गेल्यावर त्याने कंपनीला पाठवायचा राजीनामा लिहिला आणि माझ्याकडून छापून घेतला. माझ्या पोटातली शेवटची शाई त्या पानाला लागली. मग टेबलावरचं ते दुसरं पत्र त्याने उचललं, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि भिंतीतल्या कचऱ्याच्या नळीत टाकले.

मित्रांनो, त्याने फाडली ती माझी नक्कल होती. मूळ पत्र माझ्या झाकणाखाली काचेवर पालथं पडून होतं. मी दिवा लुकलुकवला. तो लाल दिवा हीच माझी वाचा. शाई संपली म्हणूनही तो लागतो आणि जीव तळमळतो म्हणूनही तोच लागतो. अभयने नुसती वायर उपटली.

दसऱ्याला नीताने विळी, इराचं व्हायोलिन, घरचा लॅपटॉप आणि मी, अशी आमची पूजा केली. माझ्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं उमटली, झेंडूचं फूल बसलं. संध्याकाळी अभयने मंडळात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की त्याने नोकरीला लाथ मारली. घरी आल्यावर नीताने एकच विचारलं, की घरात विचारावंसंही वाटलं नाही का? त्या दिवसापासून त्या घरात भांड्यांचे आवाज जास्त आणि माणसांचे कमी येऊ लागले.

नवी शाई माझ्या किमतीपेक्षा महाग. माझ्यावर एक विणलेलं कापड पडलं आणि त्यावर कपड्यांच्या घड्या.

डिसेंबर गेला. नोकरीचे अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. तेव्हा अभयने सरकारी बेरोजगार मदतीसाठी अर्ज केला, नीताला न सांगता. ही मदत, ज्याची नोकरी त्याच्या इच्छेविरुद्ध गेली त्याला मिळते. बँकेचे कागद, नोकरी शोधल्याचे पुरावे, सगळं त्याने इराच्या मदतीने चढवलं. पंधरवड्यात उत्तर आलं. इराने माझ्या शेजारी उभं राहून ते फोनवर वाचलं.

‘बाबा, तुम्ही रिझाइन केलं ना? दे से कॅनॉट लाह. मदत नाही म्हणतात.’

‘हळू बोल. आईला काही सांगू नकोस.’

कंपनीने अभयचा राजीनामा दाखवला होता. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला मदत नाही. नोकरी काढून घेतल्याचा लेखी पुरावा असेल तर शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सादर करा, नाहीतर अर्ज कायमचा बंद. अभयने कंपनीला चार मेल केले, पण तोवर इथलं ऑफिसच बंद झालं होतं. फोन लावला तर एक यंत्र गोड आवाजात थांबायला सांगायचं. मदतकेंद्रावरच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि कागद आणा, एवढंच पुन्हा सांगितलं. पत्राची प्रत वाचलेल्या प्रबोधनेही अभयच्या मेलला उत्तर देणं सोडलं.

गुरुवारी अभयने कपाटं उपसली. पाकिटं, फाइली, इराच्या वह्यांची पानंसुद्धा झटकली. मग तो माझ्या कापडावर कोपर टेकून बसला आणि आपल्या बोटांकडे बघत राहिला. ‘याच हातांनी फाडलं,’ असं तो कुजबुजला. त्याच्या कोपराखाली दोन बोटांवर कागद होता. मी पूर्ण ताकद लावली. पण वायर नसलेल्या प्रिंटरची ताकद ती काय!

शुक्रवार उजाडला. दुपारी साडेतीनला खालून हॉर्न ऐकू आला. पों. पों. इथला भंगारवाला ढकलगाडी घेऊन इमारतीच्या मजल्यामजल्याने फिरतो, त्याला कारांगुनी म्हणतात. तो हॉर्न ऐकला की घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूला घाम फुटतो. आवाज सातव्या मजल्यावर आला. मग आठव्या.

छोट्या घरात जावं लागेल हे नीताने न विचारताच ओळखलं होतं. तिने दार उघडून हाक मारली आणि मला उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवलं. अभय दारात नुसता उभा होता. सारखा घड्याळाकडे बघत होता आणि ती बघते आहे म्हटल्यावर नजर वळवत होता.

म्हातारा कारांगुनी मोठा नेकीचा माणूस. काच फुटलेली असेल तर तो भाव कमी देतो, म्हणून प्रत्येक प्रिंटरचं झाकण आधी उघडतो. त्याने माझं झाकण उघडलं.

तीन महिन्यांनी माझ्या काचेवर उजेड पडला.

‘आंटी, युअर लेटर आह,’ असं म्हणून त्याने कागद सोडवला आणि नीताच्या हातात दिला.

नीताने तो वाचला. पुन्हा वाचला. अभय भिंतीला टेकला. व्हरांड्यात कोणाची तरी कपडे वाळत घालायची काठी वाऱ्याने वाजत होती.

‘तुला काढलं होतं,’ नीता म्हणाली.

‘हो.’

‘तीन महिने मी रागावले ते तू सोडलीस म्हणून. काढलं असतं तर रागावले असते का मी?’

अभयला रडू आलं. आतून इरा धावत आली. तिला कागद दिसला आणि तिने आईला जे सांगायचं नव्हतं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. मदत, अर्ज, पाच वाजता. नीताने तिच्या हातातला फोन घेतला, कागद जमिनीवर सपाट केला, कोपऱ्यांवर अभयच्या चपला ठेवल्या आणि फोटो काढला. ज्या कामाचा मी दहा वर्षं तोरा मिरवला ते त्या पोरीच्या फोनने एका टिचकीत केलं. मला मत्सर वाटला नाही, असं म्हणालो तर ती थाप होईल.

इराने तो चढवला. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी फोन वाजला. कागद मिळाला, अर्ज पुन्हा उघडला आहे, तपासून कळवू.

‘कळवू’ म्हणजे हो नव्हे. पण बंद दार किलकिलं झालं होतं. नीता कारांगुनीने दिलेली नाणी मुठीत धरून विसरूनच गेली होती. लिफ्टचं दार लागेपर्यंत मी तिघांना पाहत होतो. ती तिघं उंबऱ्यातच खाली बसली होती आणि कागद मधोमध होता.

त्यांना मदत मिळाली का, हे मला ठाऊक नाही. मित्रांनो, ठाऊक नसलेल्या गोष्टीचा शेवट न रचता सोडण्याची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.

माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी दसऱ्याला ज्या यंत्रांची पूजा होते, त्यांना हळदकुंकू वाहा, फूल वाहा, पण एकदा झाकणही उघडून पाहा. ते बिचारं काहीतरी धरून बसलेलं असतं आणि त्याला एक लाल दिवा सोडून दुसरी वाचा नसते. माणसांचंही तसंच असतं, असं नीता कदाचित म्हणेल. माझ्या झाकणावर तिची दोन पिवळी-तांबडी बोटं अजून आहेत.

तिकडे यंत्र पुन्हा सुरू झालं. कुकर गेला, आता माझा नंबर.