अंगठ्याखालची हवा

कोंडलेल्या हवेचा एक हलका सुस्कारा, आणि त्यावर टेकलेला सुदामजींचा तेलाने काळवंडलेला अंगठा. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधल्या झडपा हलवणारे हवेचे सिलिंडर माझ्या वर्ध्याच्या कारखान्यात तेच जोडत. जोडून झाला की मागचं भोक अंगठ्याने बंद करून सिलिंडरमधून बाहेर आलेला दांडा आत ढकलत आणि डोळे मिटत. आतल्या हवेने दांडा अलगद तळहातावर परत आणून ठेवला, तरच तो सिलिंडर बाहेर जाई. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवरून सरकणारं पिवळं ऊन त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर थांबे, तेव्हा माझाही आवाज खाली येई. आणि माझा आवाज सहसा खाली येत नाही.

मी शून्यातून वर आलो तो घासाघीस करून. एका साली क्रोम चढवलेल्या दांड्याऐवजी साधा पोलादी दांडा भाव पाडून आणला. सुदामजींनी तो नखाने खरवडला.

"मालक, हा पावसाया नाई काढनार. गंज धरन अन् हवा अडवनारं रबरी सील फाडन."

"तुम्ही जोडा," मी म्हणालो. त्यांनी जोडले.

हंगाम उघडताच आर्वीचे जिनिंगवाले सेठ गळके सिलिंडर घेऊन दारात उभे राहिले. मी पटकन बोलून गेलो, "सील उलटं बसलं असन, सेठ. सुदामजीचं वय झालं न आता."

सुदामजींनी गंजलेल्या दांड्याकडे पाहिलं. भांडले असते, तर मी जिंकलो असतो. ते म्हणाले, "हो, माहीच चूक." हात पुसून गेले, ते परत आले नाहीत.

याचाच राग मला आजही आहे. माणसाने सौदा न करता सगळा दोष उचलून न्यावा आणि समोरच्याला तोंड उघडायला जागा ठेवू नये, हा कुठला न्याय?

मी सेलूला त्यांच्या घरी गेलो. "काऊन येऊन नाई राह्यले?"

"उलटं सील बसवणाऱ्याले काऊन बोलावता, मालक?" ते हसले. "च्या घ्या."

तो साधा दांडा मीच आणला होता, एवढं सेठसमोर सांगतो, असं मला म्हणायचं होतं. चहा संपला. मी उठलो.

आता क्रोमचाच दांडा घेतो, विकणारे सांगतील त्या भावाने. सेलू अर्ध्या तासावर आहे, आणि सुदामजी तिथे आहेत. तरी प्रत्येक हंगामानंतर ते गाव थोडं लांब सरकतं; माणूस हयात असतानाच नुसती आठवण होऊन जातो, आणि आताशा त्याचंही काही वाटत नाही.