एक अख्खं वाक्य

त्या सकाळी बाबा दुकानातल्या शिडीवर चढले होते आणि शिडी मी धरली होती. एका हाताने. दुसऱ्या हातात कादंबरी.

"विदुषी, शिडी धरलीयस की पुस्तक?"

"दोन्ही. तुम्ही वर बघा."

"वर बघायचं वय झालंच आहे माझं."

औषधांच्या त्या दुकानात त्यांची तीस वर्षं गेली होती. डॉक्टरांना स्वतःचंच अक्षर लागलं नाही, तर ते चिठ्ठी बाबांकडे पाठवत.

प्रकरण रंगात आलं होतं. पान उलटायला मी शिडीवरचा हात काढला.

रुग्णालयात विचारलं, "पडले तेव्हा जवळ कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. त्यांनी तसं लिहून घेतलं.

मार डोक्याला होता. बाबा बोलत, चालत, लिहीतसुद्धा. फक्त वाचता येईना. स्वतः लिहिलेलं नाव दोन मिनिटांनी त्यांना परकं वाटे. उपचाराला येणाऱ्या बाईंनी युक्ती शिकवली. डोळ्यांना अक्षर ओळखू येत नसेल, तर ते बोटाने गुडघ्यावर गिरवायचं; हाताला आठवतं. बाबा दिवसभर गिरवत बसायचे. गोळ्यांची खोकी, साबणाची वेष्टनं, काहीही. "म्हातारपणी बालवाडीत घातलंय मला," म्हणायचे. पण एक अख्खं वाक्य वाचायचंच, हा हट्ट. आठ महिने झाले. शब्द जमत, वाक्य मध्येच सुटे.

एका दुपारी रुग्णालयाची फाईल त्यांच्या हाती लागली. मी शेजारी भाजी निवडत होते.

"घ... ट... घटनेच्या. वेळी. जवळ. कोणी. नव्हते."

थांबले. पुन्हा पहिल्यापासून गिरवलं.

"असं कसं? तू होतीस की. चुकतंय ना माझं?"

मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. "हो बाबा, चुकतंय. दमलात तुम्ही."

"तरीच," ते म्हणाले आणि हात मांडीखाली घेतला.

त्यानंतर त्यांनी काही गिरवलं नाही. मी आग्रहही केला नाही. तीन महिन्यांनी ते झोपेतच गेले.

काल त्या बाई भेटायला आल्या. गिरवायला दिलेली त्यांची अक्षरांची कार्डं मला परत द्यायची होती.

"फार जिद्दीचे होते," त्या म्हणाल्या. "एक अख्खं वाक्य तेवढं राहून गेलं हो त्यांचं."

कार्डांना रबर लावता लावता माझा हात थांबला.

"नाही राहिलं," मी म्हणाले. "वाचलं त्यांनी. अगदी बरोबर वाचलं. शिडी मी सोडली होती, म्हणून मी त्यांना चुकतंय म्हटलं."